फाटकावरची वीस मिनिटं

तिसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र सकाळपासून थरथरत होतं आणि भाचा हात धुऊन त्याच्या मागे लागला होता. खांबाला शिडी लावून त्याने केबलचं टोक उघडलं, तर आतल्या तांब्याला हिरवा गंज चढलेला. गंजलेला तुकडा त्याने कापून टाकला, केबल नव्याने सोलली, पितळी जोड चढवून पकडीने दाबला आणि खाली चौकीकडे तोंड करून हाक मारली, "मामा, आता कसं दिसतंय?"

"फाटक दिसतंय," आतून मामाचा आवाज आला. "फाटकावर कावळा बसलाय, तोही दिसतोय. त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं असेल तर सांग."

भाचा हसला आणि शिडी उतरला. उन्हाने शिडीचे दांडे हाताला चटके देत होते. समोर कालव्याचं तोंड होतं. तिथे पाणी दोन पाटांत वाटलं जायचं, एक डावा, एक उजवा. दोन्ही पाटांवर लोखंडी फाटकं होती, आणि ती चाकाने फिरवायचं काम तीस वर्षं मामाकडे होतं. कुणाला किती तास पाणी, कुणानंतर कोण, हे सगळं त्याच्या मनगटावरच्या घड्याळावर चालायचं. मामा गावाचा पाटकरी. लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणायचे, पण ते पाण्यापुरतं. कामापुरता मामा म्हणतात तो प्रकार. रक्ताचा भाचा हा एकटाच. आईबाप लवकर गेल्यावर मामाने त्याला याच चौकीत वाढवला होता. पुढे तो बाजारगावात कॅमेरे आणि तारांचं काम करायला लागला.

फाटकांवर चार कॅमेरे होते, तेही जुने. एक कापडगिरणी बंद पडली, तिथले उतरवून पाणी संस्थेने आणले होते. त्यांच्या जाड काळ्या केबली चौकीत यायच्या, आणि चित्र दिसायचं ते फक्त चौकीतल्या टीव्हीवर. ज्याला बघायचं असेल त्याने धूळ तुडवत इथवर यायचं. त्यामुळे चार वर्षांत चित्र बघायला कुणीही आलं नव्हतं.

आता संस्थेने ठरवलं की फाटक घरबसल्या दिसलं पाहिजे. कॅमेरे बदलायची गरज नाही, असं भाच्याने सांगितलं. जुनं मशीन काढायचं, नवं बसवायचं. जुन्या केबली त्याच्या पाठीत खोचायच्या, आणि त्याच मशीनमधून एक वायर सिमकार्डाच्या डबीत द्यायची. डोळे तेच, फक्त आता ते दूरवर दिसणार. काल संध्याकाळी त्याने हे जोडलं. अध्यक्षांच्या कार्यालयातल्या संगणकावर फाटक दिसलं आणि दहा-बारा जणांच्या मोबाइलवरही दिसलं. मंडळी इतकी खूश झाली, की रात्री जेवतानासुद्धा एकेकाच्या ताटाशेजारी फाटक उघडं होतं.

भाच्यालाही बरं वाटलं होतं. मामाच्या जागेत, मामासमोर, आपण शिकलेलं काम करायचं, याचं त्याला आतून अप्रूप होतं.

ते अप्रूप साडेबारापर्यंत टिकलं.

मोटारसायकलचा आवाज आधी आला आणि मग बंदूक आला. खरं नाव काही का असेना, गाव त्याला बंदूक म्हणायचं, कारण तो आधी उडायचा आणि मग विचार करायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मागच्या सीटवर संस्थेचे अध्यक्ष होते, त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दोघं बाजारातून थेट आले होते.

"कुठाय तो?" बंदूक गाडी स्टँडवर लावायच्या आधीच म्हणाला. "अरे ए, बाहेर ये."

तीस वर्षं "अहो मामा" म्हणणारा माणूस एका दुपारीत "अरे"वर आला. मामा पंच्याला हात पुसत दारात उभा राहिला. बंदुकाने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. चित्रात मामा डाव्या फाटकाचं चाक फिरवत होता आणि कोपऱ्यात आकडे होते, अकरा चाळीस.

"माझी पाळी किती वाजेपर्यंत?"

"बारा," मामा म्हणाला.

"आणि फाटक कधी पाडलंस? मी बियाण्याच्या दुकानात बसून माझ्या डोळ्यांनी बघितलं. अकरा चाळीस. वीस मिनिटं खाल्लीस माझी. एका पाळीत वीस, तर तीस वर्षांत किती, ते तूच सांग."

"मी बारा वाजता फाटक पाडलं," मामा शांतपणे म्हणाला.

"म्हणजे कॅमेरा खोटं बोलतो?"

सगळ्यांच्या नजरा भाच्याकडे वळल्या. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "तू सांग बाबा. काम तुझं आहे. कोपऱ्यातली वेळ खरी की खोटी?"

भाच्याने मोबाइलमधल्या आकड्यांकडे पाहिलं. उत्तर त्याला माहीत होतं. जुन्या मशीनला वेळ हाताने लावावी लागायची. वीज गेली की मामा आपल्या घड्याळात बघून लावायचा. नवं मशीन वेळ नेटवरून आपोआप घेतं. काल त्यानेच पडद्यावर त्या पर्यायापुढच्या चौकोनात खूण केली होती, कारण चांगलं काम करणारा माणूस तसंच करतो. पडद्यावरचे आकडे मुंगीएवढे, मामाच्या डोळ्यांना ते दिसलेही नव्हते.

"खरी," तो म्हणाला. "त्यात चूक होत नाही."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हा शब्द गिळता आला असता तर बरं झालं असतं. मामाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. नजरेत राग असता तर भाच्याला सोसवला असता. पण तो नव्हता.

बातमीला पाय लागत नाहीत. अर्ध्या तासात चौकीसमोर पंधरा-वीस माणसं जमली. जो तो मोबाइलवर कालपासूनच्या पाळ्या मागे नेऊन बघत होता. "माझी पहाटे चारला संपायची, तीन चाळीसला बंद केलीय." "माझीही तशीच." "अरे, सगळ्यांना लुबाडलंय." एवढे दिवस मामाने केलेला चहा पिणारी ही माणसं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते भाचा उघड्या डोळ्यांनी बघत होता. आणि खरं सांगायचं तर पहिला वासा त्याचाच फिरला होता. त्याच्याही मनात आलं होतं की कुणी सांगावं, मामाने कुणाला वीस-वीस मिनिटं जोडून दिली असतील.

मग त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. त्याने मशीनजवळ बसून बंदुकाची पाळी मागे नेली. अगदी मागे, सकाळपर्यंत.

"तुमची पाळी सुरू किती वाजता झाली?" त्याने बंदुकाला विचारलं.

"आठला."

"बघितलंत?"

"सुरू झालेलं कशाला बघू? बंद झालेलं बघितलं."

"सात चाळीसला सुरू झालीय. हे बघा. तुमचे चार तास पूर्ण आहेत."

पंधरा जणांनी आपापला शेवट बघितला होता, सुरुवात एकानेही बघितली नव्हती. बंदूक थोडा गोंधळला, पण तो बंदूक होता. "म्हणजे चोरी नाही तर मनमानी. आठ म्हणजे आठ पाहिजे. याच्या मनात आलं की सात चाळीस, उद्या मनात येईल सात."

अध्यक्षांना हे पटलं. नियमाची गोष्ट आली की त्यांना सगळं पटायचं. "मामा, किल्ली द्या," ते म्हणाले. "संध्याकाळी सभा घेऊ आणि पाटकरी बदलायचा का ते ठरवू. चारची पाळी माझीच आहे. तेव्हा मीच फाटक फिरवतो, मोबाइलच्या चार वाजता, मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

मामाने कमरेच्या करगोट्यातून किल्ली सोडली. चाकाच्या कुलपाची ती एकच किल्ली, घासून घासून गुळगुळीत झालेली. तीस वर्षांत ती झोपेतही कमरेवरून उतरली नव्हती. त्याने ती अध्यक्षांच्या हातात न देता चौकीच्या ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन बसला.

भाचा मागोमाग आत गेला. पत्र्याची चौकी भट्टीसारखी तापली होती. कोपऱ्यात मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मामा, घड्याळ दाखवा."

मामाने मनगट पुढे केलं. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती, भाच्याच्या मोबाइलमध्ये बरोबर एक.

"वीस मिनिटं पुढे आहे हे."

"आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच लावलंय." मामा थोडा थांबला. "तुलाही वाटलं ना, मी खाल्लं म्हणून?"

भाच्याने नजर हिरव्या दिव्यावर नेली. खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं बोलायची लाज होती. मामाने ते समजून घेतलं आणि पुढे बोलायला लागला, जसं काही विचारलंच नव्हतं.

"नवा होतो तेव्हा मीही आठ म्हणजे आठला फाटक उघडायचो. माणूस शेतात फावडं घेऊन उभा, त्याच्या घड्याळात आठ वाजले आणि पाटात टिपूस नाही. पाण्याला चालायला वेळ लागतो रे. इथून शेतांपर्यंत वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत दोन सख्खे भाऊ एकमेकांवर फावडी घेऊन धावले. याला वाटलं त्याने वळवलं, त्याला वाटलं याने. एकाचं डोकं फुटलं. मग मी घड्याळ पुढे केलं. आठ वाजता पाणी शेतात हजर. पुन्हा भांडण नाही."

"मग हे कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर प्रत्येकाने आपलं घड्याळ पुढे केलं असतं. कुणी वीस, कुणी चाळीस."

"आता तरी सांगा ना. बाहेर जाऊन सांगा."

"त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी किल्ली मागितली, मी किल्ली दिली."

भाचा उठला आणि बाहेर येऊन त्याने सगळं सांगितलं. मामा का बोलत नाही, घड्याळ का पुढे आहे, पाणी किती वेळ चालतं. बंदूक हसला. "मामाचा भाचा मामाचीच बाजू घेणार. मघाशी मशीन खरं होतं, आता पाणी चालायला लागलं." दोघं-तिघं हसले. अध्यक्ष म्हणाले, "चार वाजू दे."

तो तीन तासांचा वेळ भाच्याला फार जड गेला. ऊन कलतच नव्हतं. माणसं बाभळीच्या विरळ सावलीत सरकत बसली होती. उजव्या पाटाने टोकाच्या काकूच्या शेताकडे पाणी चाललं होतं, डावा पाट कोरडा होता आणि त्यातला चिखल वाळून कडेने उकलत होता. चारला वीस मिनिटं कमी असताना मामा सवयीने उठला. हात कमरेवर गेला, तिथे काही सापडलं नाही. तो तसाच दारात उभा राहिला. "माझ्या घड्याळात चार झाले," तो एवढंच म्हणाला.

"मोबाइलमध्ये नाही झाले," अध्यक्ष म्हणाले.

मामा पुन्हा बसला. त्याचं ते बसणं भाच्याला पाहवलं नाही.

मोबाइलच्या चार वाजता अध्यक्षांनी कुलूप काढलं. चाक त्यांच्याने फिरेना, दोघांनी हात लावला. उजवं फाटक पडलं, डावं उचललं. पाणी करड्या फेसाने डाव्या पाटात शिरलं.

"चला," भाचा म्हणाला. "पाण्याबरोबर चालू. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

सगळे बांधावरून निघाले. पाण्याचं तोंड काडीकचरा आणि फेस ढकलत पुढे सरकत होतं. आधी ते जोरात निघालं, मग भेगा ते पीत गेल्या तसं दमल्यासारखं हळू झालं. प्रत्येक भेग आधी भरायची, मगच पाणी पुढची ओलांडायचं. माणसं दहा पावलं चालायची आणि थांबायची. बेडकाचं एक पिल्लू पाण्यासमोर उड्या मारत पळत होतं आणि तेही पाण्याच्या पुढेच राहत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बंदूक सारखा मोबाइल बघत होता, आता चित्र नाही, वेळ.

बाराव्या मिनिटाला अध्यक्षांचा फोन वाजला. शेतात त्यांची बायको उभी होती, आणि तिचा आवाज असा होता की स्पीकर लावायची गरज नव्हती.

"अहो, चार कधीच वाजून गेले. पाटात थेंब नाही. मामा झोपलेत का?"

"मामा नाही," अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले. "मी सोडलंय."

"तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलं होतं फाटकाला हात लावायला? मामा असताना चारच्या ठोक्याला पाणी यायचं. तुमचं फाटक आणि तुमचा मोबाइल घाला चुलीत."

कुणी हसलं नाही, पण हसू दाबताना बऱ्याच जणांना खोकला आला. चार वाजून एकोणीस मिनिटांनी पाणी अध्यक्षांच्या सरीच्या तोंडाशी पोचलं. अध्यक्षीणबाई कमरेवर हात ठेवून, कोरड्या पायांनी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघितलं आणि फावडं घातलं.

परत येताना समोरून टोकाची काकू धापा टाकत आली. पायांना पोटरीपर्यंत चिखल. "मामा बरे आहेत ना?" तिने आधी हेच विचारलं. "चार वाजून गेले तरी पाणी येतच होतं. माझे वाफे फुटायला आलेत. मला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं."

मघापासून एवढी माणसं बोलत होती, पण मामाला काही झालं असेल असं वाटणारी ही एकटीच. भाच्याचे डोळे भरून आले. त्याने तोंड फिरवलं.

चौकीशी आल्यावर अध्यक्षांनी किल्ली पुढे केली. "मामा, ठेवा. माझं चुकलं. पण एक विचारतो, माझी वीस मिनिटं गेली. आठला बंद न करता थोडं पुढे..."

"आठनंतर दुसऱ्याची पाळी आहे," मामा म्हणाला. "त्याची मी कापणार नाही. तुमची गेली ती गेली."

बंदूक बाजूला मोटारसायकलच्या आरशाशी चाळा करत होता. सगळे आपल्याकडे बघतात हे कळल्यावर तो म्हणाला, "मी माझ्या मनाचं काही बोललो नाही. कॅमेऱ्यात दिसलं ते बोललो. कॅमेऱ्यात बरोबर दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं." आणि गाडीला किक मारून तो निघून गेला. सभा झाली नाही. माणसं पांगली. मामाची माफी मागायला अध्यक्षांशिवाय कुणी थांबलं नाही, उलट दोघं-तिघं जाताना सांगून गेले की मामा, उद्या आमची पाळी आहे, लक्षात ठेवा.

चौकीत भाचा मशीनसमोर बसला. "मामा, चुकलं माझं," तो म्हणाला. "तुम्हाला विचारायच्या आधी मी त्यांना उत्तर दिलं."

"खरं तेच सांगितलंस. वेळ खरीच होती." मामा त्याच्या शेजारी टेकला. "तुझ्या तोंडून ऐकलं म्हणून जरा लागलं. दुसऱ्याच्या तोंडून आलं असतं तर नसतं लागलं."

भाच्याने काल केलेली ती खूण काढून टाकली. मग मामाचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं, त्या घड्याळात बघून आकडे भरले आणि मशीन वीस मिनिटं पुढे नेलं. नेटवर्क जोडलेलंच राहिलं, चित्र तसंच दूरवर जात राहिलं. फक्त त्या चार चित्रांच्या कोपऱ्यात आता जगाची वेळ नव्हती, फाटकाची होती.

आठ दिवसांनी भाचा पुन्हा आला होता, केबलींच्या सांध्यांवर रबरी पट्टी गुंडाळायला. बंदुकाची पाळी संपायची होती. मामाच्या घड्याळात बारा वाजले, मामाने चाक फिरवलं, आणि दोन मिनिटांत भाच्याचा फोन वाजला. बंदूक बाजारातून बोलत होता. मागे दुकानातल्या चार माणसांचा आवाज येत होता, आणि तो त्यांना ऐकू जाईल असंच बोलत होता.

"मामांना सांग, आज बघितलं मी. बारा म्हणजे बरोबर बारा. मिनिटाचा फरक नाही. अरे, एकाने आवाज उठवावा लागतो, तेव्हा कामं वेळेवर होतात."

भाच्याची कानशिलं तापली. मोबाइलवर बोलणारा हा माणूस, आणि त्याच मोबाइलच्या डोक्यावर अकरा बेचाळीस दिसत असणार. पाण्याबरोबर एवढा चालला, सगळं डोळ्यांनी बघितलं, आणि आज चार माणसांत बसून फुशारकी मारतोय. त्याने तोंड उघडलं, पण मामाने हात वर करून थांबवलं. भाच्याने "सांगतो" म्हणून फोन ठेवला.

"बोलू का दिलं नाहीत?" तो चिडून म्हणाला. "त्याला एकदा चार माणसांत सुनवायला पाहिजे होतं."

मामा चाकाला कुलूप घालत होता. किल्ली करगोट्यात अडकवून त्याने ती दोनदा ओढून पाहिली.

"त्याची आई आहे शेतात," तो म्हणाला. "तिला फोन लाव आणि विचार, अजून पाणी आहे का."

भाच्याने फोन लावला. म्हातारी म्हणाली, आहे की, शेवटची सरी भरतेय, बारापर्यंत पुरेल.

"आहे म्हणते," भाचा म्हणाला.

"मग झालं," मामा म्हणाला, आणि उजव्या पाटाचं पाणी नीट लागलंय का ते बघायला बांधावरून चालू लागला.